धवलखान्याचे दारोगे आणि काळा रस यांची हकीकत

श्री. अग्नी जो शिजवितो, जल जे वाहून नेते आणि क्षार जो भल्याभल्यांची मिठी सोडवितो, या तिघांस प्रथम नमस्कार. उपरांतिक हा मजकूर ज्या कागदावर उतरला त्या कागदास नमस्कार, कारण पुढील सर्व कथा त्याचेच पोटातील आहे. कढईशक चौऱ्याऐंशी, विरोधी नाम संवत्सरे. या राज्यात पहिली कढई चुलीवर चढली त्या सालापासून हा शक चालतो. त्या साली ज्येष्ठमासी आरंभ होऊन पुढील चैत्री शेवटास गेले ते वर्तमान येणेप्रमाणे.

राज्य नदीकाठचे. नाव सांगण्याची आज्ञा नाही, आणि सांगून उपयोगही नाही, कारण राज्याचे खरे नाव लोकांचे तोंडी कढईचे राज्य हेच होते. गादीवर बाईसाहेब होत्या. त्या बोलत थोडे आणि ऐकत बहुत, म्हणोन दरबारी मंडळी त्यांस फार भीत असत. राज्याचा धंदा एकच, तो कागद करणे. उसाची चिपाडे गाड्यांनी यावी, वेळूचे भारे यावे, आणि त्यांस मोठमोठ्या बंद कढयांत क्षाराचे पाणी घालून शिजवावे, मग लगदा व्हावा, लगद्याचा ताव व्हावा, आणि तावावर चारी दिशांचे राजांनी एकमेकांस खोटीनाटी वचने लिहावी. आता यातील मेख ऐसी की, झाडाचे अंगी दोन असामी राहतात. एक तंतू, तो बिचारा लवचीक आणि पांढरा. दुसरा लिग्निन, तो तंतूंस एकमेकांशी घट्ट बांधून झाड उभे धरितो. वारा सुटला असता ऊस मोडून पडत नाही तो याचेच बळावर. परंतु कागदास तंतू पाहिजे, लिग्निन नको. राहिला तर कागद पिवळा पडतो आणि कडकडा मोडतो. म्हणोन कढईत खाराचा मारा करून या लिग्निनास तंतूपासून सोडवीत, आणि तो विरघळून जो काळाकुट्ट रस होई तो पाटाने नेऊन नदीत सोडीत. ज्याने उभे आयुष्य झाड तोलून धरिले त्यास ऐसा निरोप मिळे. पिढ्यानपिढ्या हेच चालले, आणि कोणास त्यात वावगे वाटले नाही, कारण नदी खाली वाहते आणि राज्यकर्ते वर राहतात.

कढईतून निघाला लगदा तरी भुराच असे. त्यास पांढरा करणे हे काम धवलखान्याचे, आणि धवलखान्याचे दारोगे दाऊदजी कागदी. दाऊदजींचे घराणे कागद्यांचे; पणजोबा हाताने ताव उचलीत, आजोबांनी पहिली कढई बसवितांना विटा वाहिल्या, आणि वडिलांनी धवलखाना उभा केला. त्याचे दरवाजावर दगडात अक्षरे खोदविली होती की, या दारातून काळे बाहेर जाऊ नये. ही नुसती अक्षरे नव्हती, हा रिवाज होता. जे काही आत येईल त्यास दोन वेळ स्वच्छ पाणी आणि एक वेळ चुन्याचे धवलचूर्ण दिल्याखेरीज बाहेर काढीत नसत, मग तो लगदा असो, गाळणीचे फडके असो की शिपायाचा अंगरखा असो. एकदा दिवाणांचे काळे घोंगडे चुकून आत राहिले ते सायंकाळी पिठासारखे होऊन बाहेर आले, आणि दिवाण संतापले तरी धवलखान्यात कोणास आपली चूक कळली नाही. दाऊदजी स्वतः अंगास, डोकीस, पायास पांढरेच लेत. ताव तयार जाहाला म्हणजे दोहों हातांनी धरून सूर्याकडे करीत आणि एक डोळा मिटून पाहात. तिळाएवढा काळा ठिपका दिसला तरी सारा घाणा माघारा पाठवीत. मनुष्य मायाळू, कोणास वाकडा शब्द बोलला नाही, परंतु ठिपका दिसला की चेहरा ऐसा होई जैसा घरात कोणी आजारी आहे.

या दाऊदजींस एकच लेक, जैतूनबी. तिला खालचे अंगी रंगपेठ म्हणोन रंगाऱ्यांचे गाव आहे तेथे दिली. सोयरे भले, हाताला रंग आणि तोंडाला साखर. परंतु रंगाऱ्यास सर्वांआधी पाणी लागते. मंजिष्ठेचा तांबडा चढवावा, नीळ द्यावी, हिरडा द्यावा, आणि प्रत्येक वेळी वाहत्या पाण्यात खळखळून धुवावे, तेव्हा रंग पक्का. निकाहाचे दिवशी जावयाचे वडिलांनी सर्व मंडळीसमक्ष विचारिले की, दारोगेसाहेब, वरून पाणी वर्षानुवर्षे काळे होत चालले, याचे काय. तेव्हा दाऊदजी लेकीचे सुखात होते, मन मोठे जाहाले होते, आणि ते बोलून गेले की, माझा शब्द घ्या, पाणी साफ होईल. बोलणे सोपे होते. पुढे पाणी साफ होईना. तांबडे धुतले ते तपकिरी निघू लागले, नीळ मळकट जाहाली, मासे पोट वर करून काठास लागले, रंगपेठेतील अर्धी घरे कुलपे लावून निघोन गेली. मग जैतूनबी एकदा माहेरी आली ती उंबऱ्याच्या आत येईना. बापाने पाट मांडिला, शिरखुर्मा केला, आणि बहुत विनविले. ती म्हणाली, "अब्बा, तिथं सासरे मला काही बोलत नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. घाटावर पाण्यात हात घातला की मनगटाखाली माझा हात मला दिसत नाही. ज्या दिवशी बोटं दिसतील त्या दिवशी मी येईन जेवायला." ऐसे म्हणोन ती परत गेली. दाऊदजींनी तो पाट उचलला नाही, तेथेच भिंतीशी राहू दिला.

मग ज्येष्ठमासी रंगपेठेचे पंच दरबारी आले. त्यांनी अर्ज केला नाही, गोंधळ केला नाही, नुसता एक घडा नदीचे पाण्याने भरून आणिला आणि बाईसाहेबांपुढे ठेवून खाली बसले. बाईसाहेबांनी घड्यात पाहिले तो वरच्या फेसात आपलेच मुख दिसेना. मग दिवाण बापूजी आनंदराव पुढे होऊन म्हणों लागले की, सरकार, रस ठेवावा कोठे. जमिनीवर सोडिला तर जमीन मरते, जाळावा तर ओला आहे, आणि कढया विझवाव्या तर राज्यच विझते. बापूजी दुष्ट नव्हते. त्यांस फक्त प्रत्येक गोष्ट अशक्य असल्याचे सांगितले म्हणजे काम जाहाल्यासारखे वाटे. तेव्हा रसशाळेच्या मुख्य वेणूबाई वैद्य उभ्या राहिल्या. या बाई तरुण असता दूरदेशी रसविद्या शिकोन आल्या होत्या, आणि राज्यात आल्यापासून काळ्या रसाचे भांडे उशाशी घेऊन झोपतात ऐसी त्यांची ख्याती होती. त्या बोलिल्या की, ज्यास आपण नदीत लोटतो तो मुळात डिंक आहे. झाडात त्याने जे काम केले ते त्यास पुन्हा द्यावे. लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून फळी होते, तिचा विलायती डिंक आपल्याकडे पुरत नाही, आणि नावसुतार म्हाळोजी होड्यांच्या तळाकरिता फळ्या मागून थकला आहे. लिग्निन वेगळा काढू, त्याचे अंगात थोडा पालट करू, आणि निम्मा हा निम्मा तो ऐसा डिंक करू. रस सारा कामी लागेल, उरल्या पाण्यातून खार परत घेता येईल, नदीत जाण्यास काही राहणार नाही. दिवाण हसले आणि म्हणाले की पाण्यात विरघळून वाहात आला तो पाण्यात फळी धरून ठेवील हे कोण मानील. बाईसाहेबांनी हुकूम केला की, मानण्याचा प्रश्न नाही, दिव्य करावे. फळी भरदरबारी कढत पाण्यात तीन दिवस शिजवावी. टिकली तर काळा रस वेणूबाईंचे हवाली. पापुद्रे सुटले तर दसऱ्यास कढया विझवाव्या. दाऊदजी खांबापाशी उभे होते, त्यांचे मनात आले की आपला शब्द आता या फळीवर बसला आहे.

वेणूबाईंची रीत ऐसी. कढईचा रस गरम असताच त्यात धुरांड्याचा धूर नळीने फिरवावा. धुराचे अंगी आंबटपणा असतो, तेणेकरून रसाचा खार थोडा ढिला पडतो. मग गंधकाचे तेजाब थेंबाथेंबाने सोडावे आणि ढवळीत राहावे, म्हणजे लिग्निन रसातून रुसून बाहेर येतो आणि तपकिरी रवा होऊन तळी बसतो. रस थंड असला तर रव्याऐवजी शेंबडासारखा चिकट गाळ होतो आणि गाळणी तुंबते, म्हणोन ऊब सोडू नये. मग फडक्यावर गाळावा, किंचित आंबट केलेल्या पाण्याने धुवावा, सुकवावा. ही जाहाली अर्धी वाट. नंतर त्यास सौम्य खारात विरघळवून फॉर्मालिन म्हणोन डोळ्यांस पाणी आणणारा अर्क आहे तो मंद आचेवर पाजावा. त्याने लिग्निनाचे अंगास नवे हात फुटतात. त्या हातांनी तो विलायती डिंकाचा हात धरितो, दोघे मिळून लाकडास धरितात, आणि तापल्या पाट्यांचे दाबात एकदा मूठ आवळली की मग उकळत्या पाण्यातही सोडीत नाहीत. वेणूबाईंनी रसशाळेत लहान भांड्यात हे केले, फळीचा तुकडा शिजविला, आणि तो टिकला. आनंद बहुत जाहाला. परंतु दरबारी फळीस मोठा घाणा लागतो, आणि इतका गाळ गाळून धुण्यास स्वच्छ पाणी, मोठे हौद आणि बारीक फडकी एकाच ठिकाणी होती, ती धवलखान्यात. वेणूबाईंनी दाऊदजींस सांगोन धाडिले की, आंबट पाण्याने धुवावे आणि सुकवून द्यावे, इतकेच. दाऊदजींनी अत्यंत आदराने कबूल केले आणि कामास स्वतः उभे राहिले.

पुढे जे घडले ते या राज्यातच घडू शकते. गाळ धुतला गेला. फडक्यावर पसरला. दाऊदजींनी त्याजकडे पाहिले, आणि तो काळसर तपकिरी, ओला, उग्र वासाचा. त्यांचे मनात आले की, हीच माझ्या लेकीचे नदीतील घाण. यास दरबारी न्यावयाचे, बाईसाहेबांसमोर, सोयऱ्यांसमोर, आणि न्यावयाचे ते ऐशा मुखाने. वेणूबाईंनी धुवावे म्हटले होते, आणि धवलखान्यात धुणे म्हणजे काय हे दोन पिढ्यांस ठाऊक. त्यांनी धवलचूर्णाचे पिंप उघडविले. चूर्ण पडताच दर्प उठला, खोकल्याने मंडळी बाहेर पळाली, परंतु दाऊदजी फडके तोंडास लावून तेथेच राहिले, आणि पाहता पाहता गाळ तपकिरीचा गव्हाळ जाहाला, गव्हाळाचा फिका जाहाला. मग दोन पाणी दिले, सुकविला, आणि मूठभर घेऊन सूर्याकडे धरिला. एक ठिपका दिसला नाही. त्या दिवशी दाऊदजी घरी गेले ते गाणे गुणगुणत गेले ऐसे शेजारी सांगतात. वेणूबाईंनी भुकटी पाहिली तेव्हा त्यांस शंका आली. त्यांनी विचारिले की, इतकी उजळ कैसी. दाऊदजी म्हणाले, चांगली धुतली. वेणूबाईंनी मनात म्हटले की यांचे हाताखाली कोळसाही उजळतो, आणि दिव्याची तारीख जवळ आली होती, म्हणोन फेरतपासणी केली नाही. एवढा दोष त्यांचेकडेही लिहावा.

भाद्रपदमासी दिव्य जाहाले. चौकात चूल मांडली, वर तांब्याचे घंगाळ, त्यात फळी. रंगपेठेचे पंच एका बाजूस, कढयांवरील मजूर दुसरे बाजूस, कारण कढया विझल्या तर त्यांच्याही चुली विझत होत्या. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसरे दिवशी सकाळी घंगाळातून कुरकुर ऐसा आवाज आला आणि फळीचा एक कोपरा उचलला, मग दुसरा, मग पापुद्रे एकेक करून सुटले आणि पोथीची पाने भिजल्यावर फुगून वेगळी व्हावी तैसे पाण्यावर तरंगू लागले. म्हाळोजी सुताराने एक पापुद्रा उचलून बोट फिरविले आणि म्हणाला, "सरकार, डिंक लाकडाला लागलाय, पण धरलं कायच नाही. नुसता बसून होता." दिवाणांनी जी मान हलविली ती बोलण्याहून वाईट होती. पंच उठोन गेले. वेणूबाई घंगाळापाशी तैशाच उभ्या राहिल्या आणि वाफेत त्यांचा चष्मा धूसर जाहाला तो त्यांनी पुसलाही नाही. मग त्यांनी आपली सर्व रीत पुन्हा तपासिली. अर्क तपासिला, पाट्यांची ऊब तपासिली, खार तपासिला, सर्व बरोबर. लहान भांड्यातील टिकतो आणि मोठा टिकत नाही, याचा उलगडा होईना. दरबारी कुजबूज सुरू जाहाली की बाईंनी लहान तुकडा हातचलाखीने टिकविला. दिवाणांनी सल्ला दिला की त्यांस राज्याबाहेर रवाना करावे, आणि दसऱ्यास कढया विझवाव्या.

दाऊदजींस घरी राहवेना. ते रंगपेठेस गेले, लेकीस स्वतःचे तोंडाने सांगावे म्हणोन. जैतूनबी अंगणात विहिरीचे पाण्याने हिरड्याच्या काढ्याची भांडी भरीत होती, कारण नदीत काही करण्याजोगे राहिलेच नव्हते. बापास तिने पाणी दिले, सावलीस बसविले, आणि हात चालू ठेविले. दाऊदजींनी सर्व सांगितले. दिव्य सांगितले, पापुद्रे सांगितले, आणि वेणूबाईंवर आळ आला तेही सांगितले. शेवटी हळूच म्हणाले की, आम्ही करण्यात काही ठेविले नव्हते ग, मी स्वतः उभा राहून ती भुकटी ऐसी काही उजळली की ती हातात घेऊन समाधान वाटावे. तेव्हा जैतूनबीचा हात थांबला. तिने विचारिले, "उजळली म्हणजे?" दाऊदजींनी पाण्याचा तांब्या हाती घेतला. ती म्हणाली, "अब्बा, आमच्याकडं नव्या सुनेनं एकदा हिरड्याच्या पाण्यात तुमचं ते धवलचूर्ण घातलं होतं, पाणी गढूळ दिसतं म्हणून. पाणी छान निवळलं. मग त्यात लोखंडाचं पाणी घातलं, काळा रंग यायला पाहिजे होता. आलाच नाही. कापड कोरंच राहिलं. सासूबाई म्हणाल्या, अगं, जे धरणारं होतं तेच तू मारलंस." आणि मग अगदी सावकाश म्हणाली, "तुम्ही त्याला धुतलं. तुमच्यासारखं धुतलं. होय ना?" दाऊदजींनी हातातील पाण्याचा तांब्या खाली ठेविला. इतक्या वर्षांत त्यांनी काळा ठिपका पाहून घाणे परत पाठविले होते; आता ठिपका आपणच, आणि परत पाठवावे कोठे, ऐसे त्यांस जाहाले. ते रडले. लेकीने त्यांस रडू दिले, आणि मग रंगाने माखला हात पदरास पुसून त्यांचे पाठीवरून फिरविला.

दुसरे दिवशी दरबार भरला होता आणि वेणूबाईंस निरोप देण्याचा मजकूर वाचणे चालू होते. दाऊदजी आले, सरळ पुढे गेले, डोकीचे पांढरे पागोटे उतरून पायरीवर ठेविले, त्यावर धवलखान्याच्या किल्ल्या ठेविल्या, आणि सर्व सांगितले. बाईसाहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि मग विचारिले की, तुम्हास धवलचूर्ण घालण्यास कोणी सांगितले. दाऊदजी म्हणाले, "कोणी नाही, सरकार. बाईंनी सांगितलं ते माझ्या कानांनी ऐकलं. हातानं ऐकलं नाही. या हाताला पांढरं करण्याखेरीज काही येत नाही." दरबारी कोणी हसले नाही. वेणूबाईंनी तेथल्या तेथे सर्वांस समजावून दिले की, लिग्निनाचे ज्या ठिकाणी नवे हात फुटतात त्याच ठिकाणी त्याचा काळेपणा राहतो. चूर्णाने काळेपणा खाल्ला तेव्हा ती ठिकाणेही खाल्ली, मग अर्क पाजून काय होणार. आणि त्यांनी हेही म्हटले की, उजळ भुकटी पाहून मला शंका आली होती, मी विचारून थांबले, तपासिले नाही. बाईसाहेब दिवाणांकडे वळल्या. दिवाण म्हणाले की दसरा जवळ आहे, आता दुसरा घाणा होणे अशक्य. बाईसाहेब म्हणाल्या की, अशक्य तर अशक्य, तेवढे करून पाहावे. पागोटे उचलून दाऊदजींस परत दिले. किल्ल्या मात्र आपणापाशी ठेविल्या.

दुसरा घाणा सुरू जाहाला. दाऊदजींनी प्रथम काय केले, तर बाईसाहेबांकडून धवलचूर्णाचे कोठाराची किल्ली मागवून वेणूबाईंचे हाती दिली. वेणूबाई म्हणाल्या की तुम्हावर माझा विश्वास आहे. दाऊदजी म्हणाले की तुमचा असेल, माझा नाही. गाळ आला, आंबट पाण्याने धुतला, फडक्यावर पसरला, आणि पुन्हा तोच रंग, तोच ओलसर उग्र वास. दाऊदजी त्याजपुढे बसून राहिले. मंडळी सांगतात की त्यांचे हात मांडीवर एकमेकांस धरून होते, जैसे लहान मूल मिठाईसमोर बसविले आहे. भुकटी सुकली तैसी मडक्यांत भरली. आता मडकी दरवाजातून बाहेर न्यावयाची, तो हमाल दरवाजाशी थबकले. त्यांस अक्षरे वाचता येत नव्हती, परंतु रिवाज येत होता. बापजाद्यांनी या दारातून काळे बाहेर नेले नाही, आम्ही नेणार नाही, म्हणाले. दिव्याचा दिवस तोंडावर आला आणि मडकी दरवाजाचे आत अडली. वेणूबाई समजावून थकल्या. मग दाऊदजींनी पहिले मडके उचलिले आणि डोकीवर घेतले. मडके ओसंडून भरले होते. भुकटी त्यांचे खांद्यावर सांडली, पांढऱ्या अंगरख्यावर पट्टे उमटले, पागोट्यात गेली. ते आपल्या वडिलांनी खोदविल्या अक्षरांकडे चालत गेले. अक्षरांखाली एक पळ थांबले, मडके सावरून नजर वर केली, तोंडातल्या तोंडात वडिलांशी काही बोलले, ते कोणास ऐकू आले नाही, आणि मग दारापलीकडे पाऊल टाकिले. हमालांनी पाहिले की आभाळ कोसळले नाही. मग त्यांनीही मडकी उचलिली. त्या सायंकाळी दाऊदजींनी अंगरखा धुण्यास दिला नाही.

दसऱ्यास चौकात पुन्हा चूल पेटली. या वेळी रंगपेठेहून पंच आले, आणि मागे बायकांत जैतूनबीही उभी राहिली, परंतु ती बापाकडे आली नाही. फळी शिजू लागली. डिंकाची काळी रेघ पापुद्र्यांमध्ये स्पष्ट दिसत होती, आणि दिवाण म्हणाले की ही काही शोभेची वस्तू नव्हे, ते खरेच होते. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, तिसरे दिवशी सर्वांचे कान घंगाळाकडे. दाऊदजी सकाळपासून काही खाल्ल्यावाचून उभे. वेळ भरली तैसी म्हाळोजीने फळी चिमट्याने काढिली, वाफ निवू दिली, पटाशी रेघेवर ठेविली आणि मोगरीचा घाव घातला. पटाशी आत गेली. कडकन आवाज जाहाला आणि फळीचा तुकडा उडाला, तेव्हा मजुरांतून एक उसासा निघाला, कारण त्यांस वाटले की गेली. म्हाळोजीने तुकडा उचलिला, वळवून वळवून पाहिला, मग बाईसाहेबांपुढे नेऊन धरिला आणि म्हणाला, "सरकार, लाकूड फाटलंय. सांधा तसाच हाये. ह्येच्या दोन्ही अंगाला लाकडाचे धागे चिकटून हायेत, बघा." बाईसाहेबांनी बोट लावून पाहिले. मग त्यांनी किल्ल्या मागविल्या आणि स्वतः खाली उतरून दाऊदजींचे हाती दिल्या. वेणूबाई एका बाजूस बसल्या आणि डोळे मिटून घेतले. त्यांस कोणी हाक मारिली नाही, झोपू दिले. काळ्या रसाचा पाट नदीकडून वळवून रसशाळेकडे न्यावा ऐसा हुकूम सुटला, आणि दिवाणांनी तो स्वहस्ते लिहिताना खाली जोडिले की हे काम अवघड आहे. अशक्य लिहिले नाही, याची नोंद असावी.

नदी एका दिवसात मळली नव्हती, ती एका दिवसात निवळलीही नाही. कार्तिकात ती चहाचे रंगाची होती, पौषात गवताचे काढ्यासारखी. काही रस वेळेवर वळला नाही तो दोनदा पाटातून सुटला आणि पंच पुन्हा घडा घेऊन आले, तेव्हा वेणूबाईंनी मान खाली घालून ऐकून घेतले. परंतु डोहात मासे दिसू लागले आणि कुलपे लावून गेलेल्या रंगाऱ्यांपैकी काही परत आले. म्हाळोजीने त्या काळ्या डिंकाचे फळ्यांची होडी बांधिली, आणि चैत्री ती प्रथम पाण्यात सोडिली ती रंगपेठेहून वर, राज्याचे घाटापर्यंत. तीत पुढे जैतूनबी बसली होती, एक हात बाहेर काढून पाण्यात बुडवून. दाऊदजी घाटावर उभे होते. होडी लागली तरी तिने हात लगेच वर घेतला नाही. पाण्यात बोटे पसरून बापास दाखविली, आणि पाचही बोटे दाऊदजींस वरून दिसली. मग ती उतरली आणि पदराआडून एक घडी काढून त्यांचे हाती दिली. उलगडून पाहतात तो पागोटे, रंगपेठेच्या नदीत धुतलेले पहिले कापड, हिरडा आणि लोखंडाचे पाणी देऊन रंगविलेले, काळे. रंगाऱ्यांत सर्वांत अवघड रंग हाच, कारण पाणी निर्मळ नसेल तर तो जागोजागी फिका राहतो. दाऊदजींनी सवयीप्रमाणे ते दोहों हातांनी सूर्याकडे धरिले आणि एक डोळा मिटला. बराच वेळ पाहिले. जैतूनबीने विचारिले, "अब्बा, काय शोधता?"

दाऊदजी म्हणाले, "एकसुद्धा पांढरा ठिपका नाही." मग त्यांनी डोकीचे पांढरे काढून काखेत धरिले, काळे बांधिले, आणि लेकीस घेऊन घरी गेले, तेथे भिंतीशी पाट मांडलेलाच होता.

इतकी हकीकत. दरवाजावरील अक्षरे कोणी खोडिली नाहीत, कारण ती वडिलांची होती. मडकी रोज त्यांखालून बाहेर जातात. ज्यास घाण म्हणोन लोटिले त्याचे बळावर होड्या तरल्या, आणि ज्याचा हात चुकला त्याचाच हात प्रथम मडक्यास लागला. ऐकिले तैसे लिहिले. कमी-जास्त जाहाले असेल ते वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे, परंतु उजळ करण्याचे श्रम घेऊ नयेत.